समुद्राची रोजकीर्द

नाशिकरोड स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली एक आकडा असतो. समुद्रसपाटीपासूनची उंची, साडेपाचशे मीटरच्या थोडी वर. गाडीची वाट पाहताना हा आकडा सगळ्यांनी कधी ना कधी वाचलेला असतो आणि तो कुणाच्याच कामाचा नसतो. मात्र त्यात एक गृहीतक दडलेलं आहे. ते म्हणजे समुद्राला सपाटी असते.

गिरगाव चौपाटीवर अर्धा दिवस बसलेल्या माणसाला हे पटणार नाही. उधाणाच्या दिवशी मुंबईत भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. शिवाय पावसाळ्यात पातळी वेगळी, हिवाळ्यात वेगळी. मग 'सपाटी' नेमकी कुठली? ती समुद्रात कुठेही सापडत नाही, ती काढावी लागते. तासातासाला पातळी मोजायची, वर्षानुवर्षं मोजत राहायची आणि सरासरी काढायची. म्हणजे कुणीतरी ठाण मांडून बसलं पाहिजे, आणि शून्य कुठे धरायचं यावर सगळ्यांचं एकमत झालं पाहिजे. पाटीवरच्या त्या एका आकड्यामागे सुमारे दीडशे वर्षांची ठाण मांडून बसण्याची गोष्ट आहे. तिचा बराचसा भाग मुंबई, पुणे आणि गोव्यात घडलेला आहे.

कच्छच्या आखातापासून अपोलो बंदरापर्यंत

सुरुवात झाली एका साध्या शंकेतून. कच्छच्या आखाताच्या टोकाशी जमीन खचते आहे की वर येते आहे? सर्व्हे ऑफ इंडियाच्या त्रिकोणमितीय शाखेचे प्रमुख कर्नल जे. टी. वॉकर यांना हे तपासायचं होतं. त्यासाठी समुद्राची सरासरी पातळी अचूक मोजायची, जमिनीवर पक्क्या खुणा करून ठेवायच्या आणि बऱ्याच वर्षांनी पुन्हा मोजायचं, असा बेत होता. हे काम अँड्र्यू विल्सन बेअर्ड या लष्करी अभियंत्याकडे आलं. १८७० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यानं ओखा, नवानार आणि हंसथळ इथे भरतीमापक उभे केले.

यंत्र तसं साधं होतं. समुद्राशी जोडलेल्या उभ्या नळीत किंवा विहिरीत एक तरंगता डबा. लाटांची खळबळ आत पोचत नाही, फक्त पातळी चढते-उतरते. डब्याला तार, तारेला चाकं, चाकांना पेन्सिल. पेन्सिलीसमोर घड्याळाच्या गतीनं फिरणारा ढोल आणि त्यावर कागद. दिवसभरात कागदावर एक डोंगर-दरीची रेघ उमटते. यंत्रात बिघडण्यासारखं फार नव्हतं. बिघडायचं ते भोवतालचं. घड्याळ मागे पडायचं, नळीत गाळ भरायचा, कागद बदलायचा राहून जायचा.

१८७७ मध्ये सरकारनं प्रमुख बंदरांवर अशी निरीक्षणं पद्धतशीरपणे घ्यायचं ठरवलं. १८७८ मध्ये मुंबईच्या अपोलो बंदरावर भरतीमापक सुरू झाला. हिंदी महासागरातली समुद्रपातळीची सर्वांत लांब नोंद ती हीच. मध्ये खंड पडले, पण मालिका तुटली नाही.

या कामाचं कार्यालय होतं पुण्यात, समुद्रापासून घाट चढून वर. बंदराबंदरांतून कागद तिथे यायचे, रेघांवरून तासागणिक आकडे काढले जायचे आणि मग त्यांचं पृथक्करण व्हायचं. भरतीच्या रेघेत चंद्राचा, सूर्याचा आणि त्यांच्या कक्षांमधल्या बारीकसारीक फरकांचा वाटा वेगवेगळा करता येतो, ही पद्धत विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी पुढे आणली होती. चार्ल्स डार्विनचे चिरंजीव जॉर्ज डार्विन यांनी ती नेटकी केली. त्यांनी आणि बेअर्डनं मिळून निकाल रॉयल सोसायटीपुढे ठेवले. हे घटक लंडनला गेले, की तिथे एडवर्ड रॉबर्ट्सच्या देखरेखीखाली १८७९ मध्ये हिंदुस्थानसाठी बनवलेल्या यंत्रात भरले जात. पितळी चाकं आणि कप्प्या फिरवून हे यंत्र पुढच्या वर्षाची भरती-ओहोटी कागदावर काढून द्यायचं. रोज संगणकाशी झटापट करणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा हेवा वाटतो. प्रोग्राम म्हणजे दात्यांची संख्या, आणि कुणी अपडेट पाठवणार नाही.

यामागे विज्ञानप्रेमापेक्षा व्यापार जास्त होता. जहाज केव्हा आत घ्यायचं, हे कळायला हवं होतं. पण भरतीचं कोष्टक बनवायला एखाद-दोन वर्षांची नोंद पुरते. मोजणं त्यानंतरही चालू राहिलं, म्हणून पुढची गोष्ट घडली.

शून्य कुठे?

ज्यानं कधी दोन ठिकाणचा डेटा एकत्र केलाय, त्याला माहीत असतं की आकडे जुळवणं सोपं असतं. अवघड असतं आकड्यांचे अर्थ जुळवणं. वेळ कुठल्या घड्याळाची? शून्य कुठलं? एकक कोणतं? एकोणिसाव्या शतकात मुंबईची वेळ वेगळी, मद्रासची वेगळी, कलकत्त्याची वेगळी. लाट एका बंदरातून दुसऱ्या बंदरात किती वेळात पोचली हे काढायचं, तर आधी सगळी घड्याळं एका घड्याळावर आणावी लागत.

शून्याचा प्रश्न त्याहून चिवट. देशभरातल्या उंचीची मापं एका जाळ्यात बसवण्याचं काम १९०९ मध्ये पुरं झालं. त्यासाठी नऊ बंदरांची सरासरी समुद्रपातळी शून्य धरली गेली. त्यांत मुंबई, कारवार, कोचीन, मद्रास, विशाखापट्टणम होती आणि कराचीही होती. आपल्या देशाच्या उंचीच्या शून्याचा एक पाय आज पाकिस्तानात आहे.

यात एक खोच होती. जमिनीवरून मोजत मोजत पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यावर गेलं, तर दोन्हीकडचा समुद्र एका पातळीत येईना. मुंबईपेक्षा विशाखापट्टणमचा समुद्र सुमारे तीस सेंटिमीटर उंच निघत होता. नऊही ठिकाणी शून्य धरलं, म्हणजे हा फरक जाळ्यात वाटून टाकला गेला. व्यवहारासाठी हे ठीक होतं. पण फरक चुकीच्या मोजणीमुळे आहे की समुद्र खरंच असा आहे, याचं समाधानकारक उत्तर यायला जवळजवळ शतक जावं लागलं.

जगाच्या पातळीवर हीच अडचण मोठी होती. प्रत्येक देशाचं, कधी कधी प्रत्येक बंदराचं शून्य वेगळं. १९३३ मध्ये लिव्हरपूलला समुद्राच्या सरासरी पातळीसाठी एक कायमची सेवा सुरू झाली. जगभरातून मासिक सरासऱ्या मागवायच्या, तपासायच्या आणि कुणालाही वापरता येतील अशा ठेवायच्या. तिथे एक मजेदार करार आहे. प्रत्येक ठिकाणचा संदर्भ-शून्य स्थानिक सरासरी पातळीच्या सुमारे ७,००० मिलिमीटर खाली धरायचा. कारण एवढंच की कुठलाही आकडा ऋण येऊ नये. यात निसर्गाचा कुठलाही नियम नाही. ती निव्वळ एक सोय, आणि ती आजही चालू आहे. समुद्राच्या दीर्घकालीन निरीक्षणाचा खरा पाया असल्या सोयींचा, खुणेच्या दगडांचा आणि वेळेवर पाठवलेल्या तक्त्यांचा आहे.

गोदावरीचं पाणी, मुंबईची वही

गोव्याच्या दोनापावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी मुंबईची ही शतकभराची नोंद बाहेर काढली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखवलं की दशकांच्या हिशेबात मुंबईच्या समुद्राची पातळी आणि देशातला मोसमी पाऊस यांच्या चढउतारांत साम्य आहे. चांगल्या पावसाच्या दशकांत पातळी थोडी वर, कोरड्या दशकांत थोडी खाली.

त्यांनी मांडलेलं अनुमान असं. पाऊस चांगला झाला की नद्या जास्त गोडं पाणी समुद्रात नेतात, बहुतांश बंगालच्या उपसागरात. पावसाळ्यानंतर हे कमी खारट पाणी पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकतं, श्रीलंकेला वळसा घालतं आणि हिवाळ्यात पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे चढतं. गोडं पाणी हलकं असल्यानं तेवढ्याच वजनाला जास्त जागा व्यापतं, म्हणून पातळी वर येते. २००१ मध्ये त्याच दोघांनी तीस सेंटिमीटरचं कोडंही खारटपणाच्या अंगानं सोडवलं. अरबी समुद्र खारट, बंगालचा उपसागर त्यामानानं गोडा, म्हणून पूर्वेकडची पातळी उंच. सर्व्हेवाल्यांनी चूक केली नव्हती. समुद्र खरंच सपाट नव्हता.

नाशिककरानं हे वाचताना थोडं थांबावं असं आहे. त्र्यंबकला उगम पावलेली गोदावरी अरबी समुद्राकडे पाठ करून १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते. मधल्या पाण्यावरून आपली आणि मराठवाड्याची भांडणं होतात, गंगापूर आणि जायकवाडी आपापला वाटा अडवतात. एवढं करून जे उरतं ते राजमहेंद्रीच्या पुढे समुद्राला मिळतं. आणि या अनुमानानुसार, इतर नद्यांच्या पाण्यात मिसळून, अर्ध्या द्वीपकल्पाला प्रदक्षिणा घालून त्याची पुसटशी खूण अपोलो बंदराच्या कागदावर उमटते. गलबतांच्या सोयीसाठी ठेवलेली वही पावसाची साक्ष देऊ लागली. १८७८ मध्ये कागद बदलणाऱ्या कुणाच्याही डोक्यात हे नव्हतं.

याच संस्थेतल्या ए. एस. उन्नीकृष्णन आणि शंकर यांनी २००७ मध्ये आणखी एक हिशेब केला. चाळीस वर्षांहून लांब नोंदी असलेली उत्तर हिंदी महासागरातली ठिकाणं घेतली. त्यांत कराची आणि एडनही होतं. समुद्र वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर, सरासरी १.२९ मिलिमीटर चढतो असं निघालं. म्हणजे चाळीस वर्षांत जेमतेम पाच सेंटिमीटर. रोज चार मीटर वरखाली होणाऱ्या पाण्यात पाच सेंटिमीटर शोधायचे! इथे हुशारी एका मर्यादेपर्यंतच उपयोगी पडते. पुढे फक्त नोंदीची लांबी कामाला येते, आणि कराचीचा आकडा गोव्याला मिळतो आहे की नाही हे.

बखर आणि रोजकीर्द

आता एक वेगळ्या प्रकारची गोष्ट. १९५७ मध्ये समुद्रसंशोधनासाठी एक आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती स्थापन झाली. तिनं जगातला सर्वांत कमी माहितीचा समुद्र म्हणून हिंदी महासागराकडे बोट दाखवलं. त्यातून १९५९ ते १९६५ अशी आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम उभी राहिली. शीतयुद्धाचा काळ, तरी अमेरिकन आणि सोव्हिएत जहाजं एकाच कार्यक्रमात. डझनभराहून अधिक देश, चाळीसच्या आसपास जहाजं. आपल्या नौदलाची 'आयएनएस किस्तना' त्यांत होती. १९६० मध्ये युनेस्कोच्या छत्राखाली समुद्रविज्ञानाचा सरकारांमधला आयोग स्थापन झाला आणि पुढे समन्वयाचं काम त्यानं हाती घेतलं.

सगळे उत्साहात होते असं नाही. हेन्री स्टॉमेल या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञानं 'इंडियन ओशन बबल' नावाचं एक निनावी, टवाळखोर पत्रक चालवलं. एवढी जहाजं एकदम पाठवून नेमका कोणता प्रश्न सुटणार आहे, असा त्याचा रोख. टवाळी असली तरी मुद्दा खरा होता. प्रत्येक देश आपलं जाळं वापरून प्लवक गोळा करणार असेल, तर कुठे जास्त आणि कुठे कमी हे ठरणार कसं? म्हणून एक प्रमाण जाळं ठरवलं गेलं आणि नमुने छाननीसाठी कोचीनच्या केंद्रात आणायचं ठरलं.

हवामानाचा अर्धा भाग मुंबईत आला. कुलाब्याच्या वेधशाळेत आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उभं राहिलं. हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज त्याचे संचालक होते. जहाजांकडून आणि किनाऱ्यांवरून येणारी निरीक्षणं नकाशांवर मांडली जात, आयबीएम १६२० या संगणकावर हिशेब होत. अमेरिकन संशोधन-विमानं मुंबईहून उडून पावसाळ्यातल्या अरबी समुद्रावरची हवा मोजून आली. जुलै १९६५ मध्ये मुंबईतच निकालांवर परिषद भरली. नंतर मोठे नकाशासंग्रह निघाले. क्लाउस विर्टकी यांचा १९७१ चा महासागराचा नकाशासंग्रह अनेक वर्षं टेबलावरचं पुस्तक होता.

मोहीम यशस्वी झाली, आणि संपली. मराठी इतिहासाच्या वाचकाला बखर आणि अस्सल कागद हा जुना वाद ठाऊक असतो. बखरीत पराक्रम असतो, रंग असतो, सुरुवात आणि शेवट असतो. रोजकीर्दीत काहीच घडत नाही. आज एवढे आले, एवढे गेले. पण वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून गोळा केले ते कागद. भाव, दुष्काळ, वसूल यांचा इतिहास त्यांतूनच लिहिता येतो. हिंदी महासागर मोहीम ही समुद्राची बखर होती. तिचे आकडे मोलाचे, पण ते बहुतेक ठिकाणी एकेकदाच घेतलेले. समुद्र तिथे नेहमी तसाच असतो की त्या आठवड्यात तसा होता, हे त्यांतून कळत नाही.

तिचं खरं फळ म्हणजे मागे राहिलेल्या संस्था. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. मोहिमेच्या भारतीय कार्यक्रमाची धुरा वाहिलेले एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले आणि पुढे तिनं गोव्यात मुक्काम केला. मुंबईच्या जुन्या कागदांतून पाऊस वाचला गेला तो याच संस्थेत. बखर संपल्यावर रोजकीर्द लिहिणारी, आणि वाचणारी, माणसं तिनं तयार केली.

वही होती, निरोप नव्हता

३१ डिसेंबर १८८१ रोजी कार निकोबारजवळ मोठा भूकंप झाला. त्यातून उठलेल्या लाटा बंगालच्या उपसागराभोवतीच्या भरतीमापकांनी टिपल्या. लाटा लहान होत्या, हानी फारशी नव्हती. दोन वर्षांनी, २७ ऑगस्ट १८८३ ला क्राकाटोआ फुटला, तेव्हाही हिंदुस्थानच्या बंदरांवरच्या रेघा थरथरल्या आणि बेअर्डनं त्यांचा अहवाल रॉयल सोसायटीकडे पाठवला.

हे कागद शंभरहून अधिक वर्षं पडून होते. २००३ मध्ये मोदेस्तो ऑर्तिझ आणि रॉजर बिल्हॅम यांनी १८८१ च्या रेघांवरून उलटा हिशेब केला. जमिनीचा किती भाग आणि किती सरकला असेल, याचा अंदाज काढला. भूकंपाची तीव्रता ७.९ ठरवली. या पट्ट्यात भूकंप होतात आणि त्यांतून त्सुनामी उठतात, हे छापील शब्दांत आलं.

पुढच्याच वर्षी २६ डिसेंबर आला. सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्राजवळ जमीन हलली. चेन्नईच्या किनाऱ्यावर लाट पोचायला जवळजवळ अडीच तास लागले. चेन्नई, विशाखापट्टणम, कोची, मार्मागोवा इथल्या मापकांनी ती टिपली. यंत्रांनी आपलं काम चोख केलं. पण तो आकडा त्या क्षणी पलीकडे कुणाकडे जाईल अशी सोय नव्हती, आणि गेला असता तरी तो घेऊन किनारा रिकामा करणारं कुणी नव्हतं. प्रशांत महासागरात अशी आंतरराष्ट्रीय व्यवस्था १९६५ पासून होती. हिंदी महासागरात नव्हती. सुमारे सव्वा दोन लाख माणसं गेली.

नोंद ठेवणं आणि ती वेळेवर दुसऱ्याच्या हाती देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला शिस्त लागते, दुसरीला विश्वास. किनाऱ्यावरचा डेटा म्हणजे सुरक्षेचा मामला, तो शेजाऱ्याला कसा द्यायचा, हा संकोच अनेक देशांना असतो. २००४ नंतर तो बराच गळून पडला. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात ऑक्टोबर २००७ मध्ये त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. २०११ पासून भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया हे तिघे मिळून हिंदी महासागरातल्या देशांना इशारे देतात.

दुरुस्तीचा खर्च

आज समुद्रावरचा पहारा अपोलो बंदराच्या कल्पनेपलीकडे गेला आहे. १९९९ च्या सुमारास सोडायला सुरुवात झालेले आर्गो तरंगक दर दहा दिवसांनी २,००० मीटर खोल बुडी मारतात, वर येताना तापमान आणि खारटपणा मोजतात आणि उपग्रहाला कळवतात. २००७ पर्यंत जगभरात तीन हजार झाले. कुणाचाही तरंगक असो, आकडे सर्वांना मोफत. विषुववृत्ताच्या आसपास हिंदी महासागरात ४६ ठिकाणी नांगरलेल्या बोयांची एक साखळीही आखली गेली.

याचं नाशिकशी नातं थेट आहे. हिंदी महासागराची पश्चिम बाजू कधी पूर्वेपेक्षा जास्त तापते. या झोक्याला 'द्विध्रुव' हे नाव मिळालं १९९९ मध्ये, म्हणजे कालपरवा. २०१९ मध्ये हा झोका फार मोठा होता. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस हटायला तयार नव्हता आणि छाटणी झालेल्या द्राक्षबागांची जिल्ह्यात काय अवस्था झाली, ते इथे कुणाला सांगायला नको. एका वर्षाच्या पावसाला एकच कारण चिकटवू नये. पण असा झोका शंभर वर्षांत किती वेळा आला, आता वाढतोय का, हे विचारायचं तर शंभर वर्षांची वही लागते. समुद्राच्या मध्यभागी ती नाही. तिथे वही आत्ता कुठे उघडली आहे.

आणि ती मिटूही शकते. सोमालियाच्या बाजूचे बोये चाचेगिरीमुळे कित्येक वर्षं लावता आले नाहीत. मासेमारी करणाऱ्यांकडूनही बोयांचं नुकसान होतं. प्रशांत महासागरातली एल निनोवर नजर ठेवणारी बोयांची साखळी तर जगातली सर्वांत नावाजलेली. तिची देखभाल करणारं अमेरिकन जहाज २०१२ मध्ये निवृत्त केलं गेलं. दोनेक वर्षांत साखळीकडून येणारी माहिती चाळीस टक्क्यांवर आली. बोये बिघडले यात आश्चर्य नव्हतं, ते बिघडतातच. दुरुस्तीला जाणारं जहाज कुठल्या खात्यातून, एवढाच प्रश्न होता.

माझ्या धंद्यात हे रोजचं आहे. नवी प्रणाली सुरू करायला पैसा मिळतो, फीत कापायला माणसं मिळतात. चालू असलेली नुसती चालू ठेवायला मिळत नाहीत. संशोधनाचे प्रकल्प तीन-पाच वर्षांचे असतात, समुद्राचे प्रश्न पन्नास-शंभर वर्षांचे. दुसरी हिंदी महासागर मोहीम २०१५ च्या डिसेंबरात गोव्यातून सुरू झाली, तेव्हा पहिल्या मोहिमेची पन्नास वर्षं साजरी झाली. ते योग्यच होतं. पण अपोलो बंदराच्या नोंदीची शंभरी, सव्वाशेवी कुणी साजरी केल्याचं माझ्या वाचनात नाही. रोजकीर्दीला वाढदिवस नसतो.

बेअर्ड कच्छच्या आखातात ज्या प्रश्नासाठी गेला, त्याचं उत्तर त्याच्या हयातीत मिळण्यासारखं नव्हतं. आखणीच तशी होती. आज मोजायचं, खूण पक्की करायची, ती कुठे आहे आणि तिथून शून्य किती खाली आहे ते नीट लिहून ठेवायचं, आणि निघून जायचं. पुढचं मोजमाप घेणारा कोण असेल, कुठल्या देशाचा असेल, हे ठाऊक नसताना त्याला समजेल अशा भाषेत लिहायचं. तो येईलच याची खात्री कुणीच दिलेली नव्हती.